हाती आलेला सांगाडा कोणाचा? चाचण्या, ओळख आणि सफाई

गोगलगायीचा शंख, खेकड्याची पाठ, सी अर्चिनचं (समुद्रातल्या एका काटेरी प्राण्याचं) गोल कवच, कासवाची पाठ आणि उंदराची कवटी. या पाच वस्तू टेबलावर मांडून ‘बाहेरचा सांगाडा’ आणि ‘आतला सांगाडा’ असे दोन ढीग करायला सांगितलं, तर पहिल्या चार वस्तू बहुतेक जण एका ढिगात टाकतील. त्यातल्या दोन चुकतील. सी अर्चिनच्या कवचावर जिवंतपणी त्वचेचा पातळ थर असतो, म्हणजे ते कवच आतलं. कासवाची पाठ तर बरगड्या आणि मणके एकमेकांत जुळून झालेली आहे.

म्हणून वस्तू दिसते कुठे याच्या मागे फारसं लागू नये. त्यापेक्षा एक प्रश्न विचारावा: प्राणी वाढला तेव्हा या सांगाड्याचं काय झालं? त्याची उत्तरं मोजकीच आहेत. खेकडा आणि कीटक जुना सांगाडा टाकून नवा करतात. गोगलगाय आणि शिंपला जुन्याच्याच कडेला भर घालतात. हाड आणि सी अर्चिनच्या चकत्या यांच्यात जिवंत पेशी असतात, त्यामुळे ते प्राण्याबरोबर वाढतात. गांडुळासारख्यांचा सांगाडा म्हणजे दाबाखालचं पाणी. तिथे टाकायला किंवा भर घालायला काही नसतंच. खालच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाभोवती फिरतात.

आधी तयारी

दहापट मोठं दाखवणारं भिंग, बोथट टोकाचा चिमटा, मऊ टूथब्रश, हातमोजे, काचेच्या दोन-तीन छोट्या बरण्या, ४ ते ५ टक्क्यांचं साधं पांढरं व्हिनेगर, पेन्सिल आणि चिठ्ठ्या एवढं सुरुवातीला पुरतं. ताज्या मृत प्राण्याला उघड्या हाताने शिवू नये. शक्यतो पूर्ण सुकलेले अवशेषच घ्यावेत. संरक्षित प्राण्यांचे अवशेष बाळगायला अनेक ठिकाणी कायद्याने बंदी असते, तेव्हा उचलण्याआधी ते तपासा. आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: कपडे पांढरे करायचं क्लोरीनचं ब्लीच आणि व्हिनेगर एकाच भांड्यात, एकाच सिंकमध्ये कधीही येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनियाची जोडीही तितकीच वाईट.

पायरी १: पाण्याचा सांगाडा

हा प्रकार संग्रहात ठेवता येत नाही, जिवंतच पाहावा लागतो. एक मोठं गांडूळ घ्या, हात ओले ठेवा आणि त्याला कोऱ्या कोरड्या कागदावर सोडा. खोली शांत असेल तर कान जवळ नेल्यावर बारीक खरखर ऐकू येते. ते त्याचे ताठ, सूक्ष्म केस कागदावर घासत असतात. आता शरीराच्या पुढच्या भागाकडे बघा. तो आधी लांब आणि बारीक होतो, मग आखूड आणि जाड. लांब होताना शरीराभोवतीचे वर्तुळाकार स्नायू आवळतात, जाड होताना लांबीच्या दिशेचे. आतला द्रव दाबला जात नाही, म्हणून एका बाजूने आवळलं की तो दुसरीकडे सरकतोच. जाड झालेला भाग केसांनी कागद धरून ठेवतो आणि पुढचा बारीक भाग पुढे रेटला जातो.

गांडुळाचं शरीर साधारण १०० ते १५० खंडांचं असतं आणि खंडांमध्ये पडदे असतात. त्यामुळे एका जागचा दाब सगळीकडे पसरत नाही. गोलकृमींमध्ये हे पडदेही नसतात आणि वर्तुळाकार स्नायूही नसतात. त्यांना नुसतं वाकून फडफडता येतं. कागदावर दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, गांडुळाची त्वचा कोरडी पडली की त्याचा श्वास कोंडतो. मग परत ओल्या मातीत सोडा.

सुरवंट, जळू, समुद्रफुलं हेही याच वर्गातले. कोळी मात्र दोन्हीकडचा आहे. त्याला कडक बाह्य सांगाडा आहे, तरीही पायाच्या दोन मुख्य सांध्यांवर पाय वाकवणारे स्नायू आहेत आणि सरळ करणारे नाहीत. सरळ करायचं काम रक्तद्रवाचा दाब करतो. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाखाली आवळलेले का दिसतात त्याचं कारण हेच: दाब गेला, वाकवणारे स्नायू तेवढे उरले.

पायरी २: व्हिनेगरची चाचणी

कठीण तुकडा हाती आला की तो कशाचा आहे हे आधी ठरवा. नखाएवढा, बिनमहत्त्वाचा तुकडा तोडून बरणीत टाका आणि बुडेल एवढं व्हिनेगर घाला. झाकण घट्ट लावू नका, वायू निघतो.

शंख किंवा शिंपल्याचा तुकडा लगेच फसफसतो. कॅल्शियम कार्बोनेट (पुढे त्यालाच ‘चुना’ म्हटलंय) विरघळून कार्बन डायऑक्साइड निघतो. दोन-तीन दिवसांत, मध्ये एकदा व्हिनेगर बदललं तर, जवळजवळ काहीच उरत नाही. उरलाच तर वरच्या सेंद्रिय थराचा पातळ पापुद्रा उरतो. प्रवाळ आणि सी अर्चिनही असेच फसफसतात.

खेकड्याच्या पाठीचा तुकडाही फसफसतो, म्हणून घाईने त्याला शंखाच्या रांगेत बसवू नका. दुसऱ्या दिवशी चिमट्याने उचला. आकार तसाच, पण तुकडा कागदासारखा वाकतो. चुना गेला, कायटिन (खेकडे-कीटकांच्या कवचातला चिवट पदार्थ) आणि प्रथिनं राहिली. झुरळाचं किंवा सिकाडा या झाडांवर किरकिरणाऱ्या कीटकाचं टाकलेलं कवच व्हिनेगरमध्ये फसफसत नाही आणि बदलतही नाही, कारण त्यात चुना नगण्य असतो. त्याचा कडकपणा प्रथिनं रासायनिक रीतीने एकमेकांना जखडली गेल्यामुळे येतो.

हाडाचा तुकडा तुरळक बुडबुडे सोडतो, बाकी गप्प असतो. इथे संयम लागतो. पूर्ण स्वच्छ केलेलं बारीक हाड, उदाहरणार्थ कोंबडीच्या पंखातलं, रोज व्हिनेगर बदलत ४ ते ७ दिवस ठेवा. शेवटी ते रबरासारखं वाकतं. हाडात वजनाने ढोबळमानाने दोन तृतीयांश खनिज असतं, मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचं. उरलेल्यात बहुतांश कोलॅजेन हे चिवट तंतूंचं प्रथिन आणि थोडं पाणी. आम्लाने खनिज काढलं, कोलॅजेनची दोरी उरली. उलट हाड आगीत भाजलं तर कोलॅजेन जळतं, आकार तोच राहतो आणि बोटाने दाबलं की चुरा होतो. ही दोन हाडं शेजारी ठेवली की हाडाची रचना समजावून सांगायची गरज उरत नाही.

काहीच घडलं नाही तर तुकडा सिलिकाचा (काचेसारख्या खनिजाचा) किंवा केराटिनचा (नखं-शिंगं ज्याची असतात त्या प्रथिनाचा) असू शकतो. स्पंजांच्या काही जातींत सिलिकाच्या सुया असतात, काहींत चुन्याच्या, तर अंघोळीच्या स्पंजात फक्त स्पाँजिन नावाचे लवचिक तंतू. स्पंजाचा मसुराएवढा तुकडा काचपट्टीवर ठेवून ब्लीचचे दोन थेंब टाकले की मऊ भाग विरघळतो. सुया उरतात आणि साध्या सूक्ष्मदर्शकात १०० पटीवर स्पष्ट दिसतात. ही काचपट्टी व्हिनेगरच्या बरण्यांपासून लांब ठेवा.

पायरी ३: वाढीच्या खुणा

सिकाडाचं रिकामं कवच झाडाच्या खोडावर सापडतं. पाठीवर एक सरळ चीर असते. भिंगातून त्या चिरेत बघा: आतून पांढरे बारीक दोरे लोंबताना दिसतील. अनेकांना त्या शिरा वाटतात. ती श्वासनलिकांची आतली अस्तरं आहेत. कीटकाचा बाह्य सांगाडा नुसता बाहेरचा लेप नसतो, तो श्वासनलिकांत, आतड्याच्या पुढच्या व मागच्या टोकांत आणि स्नायू धरणाऱ्या पट्ट्यांच्या रूपात आतही शिरलेला असतो. कात टाकताना हे सगळं उपसून बाहेर यावं लागतं. कात टाकण्याचा काळ या प्राण्यांसाठी इतका जोखमीचा का, ते या दोऱ्यांकडे पाहून कळतं.

क्रम असा असतो. जुन्या थराखाली नवा, सुरकुतलेला थर तयार होतो. विकरं जुन्याचा आतला भाग विरघळवतात आणि तो माल परत शोषला जातो. मग प्राणी हवा किंवा पाणी आत घेऊन फुगतो, पाठ फाटते, तो बाहेर पडतो आणि नवा थर मऊ आहे तोवर ताणून घेतो. नुकतं कात टाकलेलं झुरळ पांढरंफटक दिसतं. काही तासांत ते तपकिरी होतं. त्याला वेगळी जात किंवा रोगट झुरळ समजू नये.

खेकड्याची सुटी नांगी मिळाली तर आतल्या स्नायूंतून जाणारी पांढरी चपटी पट्टी शोधा. मोठी पट्टी चिमट्याने ओढली की नांगी मिटते, लहान ओढली की उघडते. ही पट्टीही कवचाचीच घडी आहे. स्नायू आतून कवचाला जोडलेले असतात, कवच तरफेचं काम करतं. मिटवणारा स्नायू मोठा का, हे कोणत्या पट्टीला किती मांस चिकटलंय त्यावरून उघड होतं.

शंखाची गोष्ट वेगळी. त्याच्या कडेशी समांतर रेषा दिसतात, प्रत्येक रेषा म्हणजे कधीकाळची कड. शंखाचं टोक हा प्राण्याच्या लहानपणीचा शंख, तो तसाच शिल्लक असतो. शिंपल्याच्या आतल्या बाजूला तिरपा उजेड पाडला की स्नायू चिकटलेल्या जागेचे गुळगुळीत डाग दिसतात. दोन डाग असतील तर शिंपला मिटवणारे दोन स्नायू होते. माकुळाचं समुद्रफेन किनाऱ्यावर सापडतं, त्यालाही मृदुकायांचा (गोगलगाय-शिंपल्यांसारख्या मऊ अंगाच्या प्राण्यांचा) शंखच समजा, फक्त तो शरीराच्या आत गेलाय. कापून पाहिलं तर पातळ मजले आणि त्यांना तोलणारे खांब दिसतात. त्या पोकळ्यांत वायू आणि द्रव यांचं प्रमाण बदलून प्राणी पाण्यात हवा तेवढा तरंगतो.

सी अर्चिनचं कवच उजेडासमोर धरा. छिद्रांच्या जोड्यांचे पाच पट्टे दिसतील, त्यांतून नळीपाय, म्हणजे नळीसारखे मऊ पाय, बाहेर येत. चकत्यांच्या एकूण २० उभ्या रांगा मोजता येतात. नव्या चकत्या वरच्या टोकाजवळ तयार होतात आणि प्रत्येक चकती कडेनेही वाढते. म्हणून कवच न टाकता गोळा मोठा होत जातो. खालच्या भोकात पाच दातांचा जबडा अडकलेला असला तर तो काढून टाकू नका. त्याला ‘अ‍ॅरिस्टॉटलचा कंदील’ म्हणतात आणि तो अखंड सापडणं नशिबाचं असतं.

पायरी ४: हाड असेल तर कोणाचं?

पूर्ण सांगाडा क्वचित मिळतो. म्हणून कवटीचा मागचा भाग, एखादा मणका आणि पायाचं एक हाड यांवर काम चालवायला शिकावं.

कवटी असेल तर मेंदूतून मज्जारज्जू बाहेर पडतो ते मोठं भोक शोधा. त्याच्या कडेला एकच गोल उंचवटा असेल तर प्राणी सरपटणारा किंवा पक्षी. दोन असतील तर उभयचर किंवा सस्तन. माशाच्या कवटीचा मागचा भाग मणक्यासारखाच खोलगट असतो, कारण त्याला मान नसते. मग खालचा जबडा बघा. सस्तन प्राण्यात जबड्याची प्रत्येक बाजू एकाच हाडाची असते. साप, सरडे, पक्षी यांच्यात ती अनेक हाडांची. समोर पटाशीचे मोठे दात, मग रिकामी जागा, मग दाढा असं दिसलं तर बहुधा उंदीर-खारीच्या कुळातला प्राणी. पटाशीच्या दातांचा नारिंगी रंग घाण नव्हे, इनॅमलमधल्या लोहाचा आहे. घासत बसू नका.

मणका एकच मिळाला तरी बरंच कळतं. दोन्ही बाजूंनी खोल वाटी आणि मध्ये चिमटलेला, वाळूच्या घड्याळासारखा, म्हणजे मासा. वाटीत भिंगाने एककेंद्री वलयं दिसतात, ती वाढीची. पुढे वाटी आणि मागे गोळी, शिवाय वरच्या कमानीवर जादा सांधे, म्हणजे बहुधा साप. सापात २०० ते ४०० मणके असतात, म्हणून सापाचे सुटे मणके सापडण्याची शक्यताही जास्त. दोन्ही टोकं जवळजवळ सपाट असतील तर सस्तन. घोड्याच्या खोगिरासारखी वळलेली असतील तर पक्ष्याची मान. पक्ष्यांत मानेचे मणके साधारण १३ ते २५ असतात. सस्तन प्राण्यांत मात्र जिराफापासून उंदरापर्यंत सातच. स्लॉथ आणि मॅनेटी हे ठळक अपवाद.

पायाच्या हाडात बेडूक फसवतो. त्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांत, जिथे आपल्याला दोन हाडं असतात, तिथे एकच जुळलेलं हाड असतं. त्यावरची उभी खाच ही जुळल्याची खूण. घोट्याची दोन हाडं इतकी लांबलेली असतात की ती दुसरी नडगी वाटते. बेडकाला मोकळ्या बरगड्याही नसतात, तेव्हा त्या हरवल्या म्हणून शोधत बसू नका.

पक्ष्याचं खांद्याजवळचं हाड तोडून पाहिलं तर आत पोकळी आणि आडवे आधार दिसतात. पण ‘पक्ष्यांची हाडं हलकी असतात’ हे अर्धसत्य आहे. हाडाचा पदार्थ उलट जास्त घन असतो, आणि शरीराच्या वजनाच्या तुलनेत पक्ष्याचा सांगाडा तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्यापेक्षा फारसा हलका भरत नाही. पाण्यात खोल बुडी मारणाऱ्या पक्ष्यांत तर या पोकळ्या कमी झालेल्या असतात.

लहान वयाच्या सस्तन प्राण्याचं हाड असेल तर लांब हाडांची टोकं वेगळी सुटतात. मध्ये वाढीची कूर्चा (मऊ, लवचिक हाड) असते, सफाईत ती जाते. सुटलेली टोपी आणि दांडा यांचे पृष्ठभाग खडबडीत, एकमेकांत बसणारे असतात. हे फ्रॅक्चर नव्हे आणि जादा हाडही नव्हे. उलट, प्राणी पूर्ण वाढला नव्हता याचा हाच पुरावा.

पायरी ५: सफाई, आणि सगळं बिघडतं ते इथे

हाडं उकळू नका. उकळल्याने चरबी हाडात खोल मुरते, काही महिन्यांनी पिवळे तेलकट डाग वर येतात आणि दात तडकतात. ब्लीचमध्येही टाकू नका. ते कोलॅजेन खातं आणि धुतल्यावरही त्याचं काम थांबत नाही. आज पांढरंशुभ्र दिसणारं हाड काही काळाने खडूसारखं भुरभुरतं.

पाण्यात कुजवणं हा बरा मार्ग. झाकणाची प्लास्टिकची बादली, साधं पाणी, तापमान ३० ते ३५ अंशांच्या आसपास. डोकं, प्रत्येक पंजा आणि शेपटी वेगवेगळ्या जुन्या पायमोज्यांत बांधून टाका, नाहीतर डाव्या-उजव्या पंजाची हाडं कायमची एकमेकांत मिसळतात. दर काही दिवसांनी अर्धंच पाणी बदला. पूर्ण बदललं तर काम करणारे जिवाणूच फेकले जातात. उंदराएवढ्या प्राण्याला दोन ते चार आठवडे लागतात, मोठ्याला कित्येक महिने. वास सहन होणार नाही, बादली घरापासून दूरच ठेवा. पाणी ओतताना खाली बारीक चाळणी धरा. एकमुळी दात, कानातली हाडं आणि पक्ष्याच्या डोळ्यातलं साधारण १४ चकत्यांचं वलय याच वेळी वाहून जातं.

मग भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात हाडं ठेवा, पाण्यावर तेलाचा तवंग येणं थांबेपर्यंत पाणी बदलत राहा. शेवटी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये एक ते दोन दिवस. झाकण सैल ठेवा, दाबाने बाटली फुटू शकते. वाळवणं सावलीत.

मुशी आणि पाकट यांना हा मार्ग लावलात तर सांगाडाच नाहीसा होईल. त्यांचा सांगाडा कूर्चेचा, वरून कॅल्शियम फॉस्फेटच्या बारीक फरशा. बादलीत कूर्चाही कुजते, हाती दात आणि मणक्यांचे गोळे उरतात. असा नमुना हाताने सोलावा आणि ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा. हवेत वाळवला तर तो आकसतो, जबडा वेडावाकडा होतो.

कासवाच्या पाठीवरून शिंगासारखे पापुद्रे सुटले की लोक घाबरतात. ते केराटिनचे आहेत, सुटणारच. त्यांच्या कडा खालच्या हाडांच्या सांध्यांवर जाणूनबुजून जुळवायला जाऊ नका, त्या जुळत नाहीत. सुटण्याआधी प्रत्येकावर पेन्सिलीने क्रमांक घाला. आणि कासव जोडताना खांद्याचं पातं बरगड्यांच्या आत बसवा. बाकी कोणत्याही चौपायाप्रमाणे बाहेर बसवायला गेलात तर पाठ मिटणारच नाही.

सी अर्चिन फक्त पाण्यात भिजवून ब्रशने हलकेच साफ करा. ब्लीचमध्ये जास्त राहिला तर शिवणीतला ऊतक विरघळून चकत्या सुट्या होतात. सिकाडाचं कवच कोरडं असताना पाय हलवला की मोडतो. आधी बंद डब्यात ओल्या टिश्यूवर, पण टिश्यूला न टेकवता, एक दिवस ठेवा. मग पाय हवे तसे वळतात. त्याहून जास्त दिवस ठेवलं तर बुरशी धरते.

प्रत्येक डब्यात चिठ्ठी घाला: कुठे मिळालं, कोणत्या तारखेला, कोणत्या बाजूचं हाड. पेन्सिलनेच लिहा. शाईची चिठ्ठी अल्कोहोलच्या बरणीत कोरी होते.